ऑफिसात पगार सांगायचा की गप्प बसायचं?

माझी भाची गेल्या महिन्यात गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत लागली. एचआरने पहिल्याच दिवशी बजावलं की पगार कॉन्फिडेन्शियल, कोणाकडे बोलायचं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीने विचारलं, "तुला किती देतात गो?" रात्री हिचा फोन, मामा काय सांगू? मी वेर्ण्याला बारा वर्षं काढलीत, सांगूनही बघितलंय आणि लपवूनही, तेव्हा दोन्हीकडचं काय पदरात पडतं ते लिहितो.

आधी गप्प बसणाऱ्यांचं, कारण ते सगळे काही भित्रे नसतात. गोवा केवढंसं, त्यात अर्धे लोक एकमेकांचे सोयरे. दुपारी चहाच्या गाड्यावर बोललेला आकडा संध्याकाळी साखळीच्या बाजारात पोचतो आणि पुढच्या जत्रेला कोणीतरी मावशी विचारतेच, एवढा पगार आणि घराला अजून स्लॅब नाही? शिवाय बऱ्याच ऑफर लेटरमध्ये गुप्ततेचं कलम असतं, जे सही करताना कोणी वाचत नाही. अमेरिकेत 1935 च्या कायद्यापासून खाजगी कंपन्यांतल्या बहुतेक कामगारांना आपसात पगाराबद्दल बोलायला संरक्षण आहे, आपल्याकडे तसं थेट संरक्षण नाही. म्हणजे बोललात म्हणून पोलीस येत नाहीत, पण साहेबाने मनात धरलं तर लेखी काहीच न येता अप्रेझलला रेटिंग खाली जातं.

आणि माणसं दुखावतात ते वेगळंच. ज्याने मला मशीन शिकवलं त्याच्यापेक्षा मला तीन हजार जास्त होते, मी बाहेरून आलो होतो म्हणून, आणि मूर्खासारखा ते हसत हसत बोलून गेलो. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डबा वेगळ्या टेबलावर उघडला. सहा महिन्यांनी जास्त पगारावर दुसरीकडे गेला, त्याचं भलंच झालं म्हणायचं, पण आमचं बोलणं काही परत सुरू झालं नाही.

आता दुसरी बाजू, आणि माझा कल इकडेच आहे. एका चवथीच्या आदल्या आठवड्यात बोनसचा विषय निघाला आणि मी आणि डिपार्टमेंटमधल्या एकाने मोबाईलवर स्लिपा शेजारी शेजारी धरल्या. माझा ग्रॉस 30,000, त्याचा 29,000. मी मनातून खूश. मग त्याने बोट ठेवलं बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर, माझं 12,000 आणि त्याचं 18,000! माझे उरलेले सगळे भत्तेच भत्ते. पीएफमध्ये कंपनी माझ्यासाठी 1,440 भरत होती, त्याच्यासाठी 1,800. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तर शेवटच्या बेसिकवर वर्षाला पंधरा दिवसांची, महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे दहा वर्षांनी मला 69 हजार आणि त्याला जवळजवळ 1 लाख 4 हजार. मी हजार रुपयांनी पुढे आहे म्हणून वर्षभर मिरवत होतो. हे कुठल्या एचआरने मला सांगितलं असतं? आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झालीय, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, पण आपल्या स्लिपेत ते झालंय की नाही हे दुसऱ्याची बघितल्याशिवाय पटकन ध्यानात येत नाही.

बायकांच्या बाबतीत तर गप्प बसणं जास्तच महाग पडतं. सारख्या कामाला सारखा पगार हा कायदा 1976 मध्ये आला, आता ते नव्या वेतन संहितेत आहे, पण शेजारच्या पुरुषाला किती मिळतात हेच माहीत नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

सरकारी नोकरीत हा प्रश्नच नाही. एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हटलं की पगाराची लेव्हल 2, सुरुवात 19,900 बेसिकवर, लग्न जुळवणाऱ्यांनासुद्धा पाठ. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने प्रत्येक कर्मचाऱ्याचं मासिक वेतन खात्याने स्वतःहून जाहीर करायचं असतं. त्यावरून तिथे डबे वेगळे झालेले मी तरी बघितले नाहीत, मत्सर असतो तो प्रमोशनवरून. हॉटेलवाले पण टिपचा डबा सगळ्यांसमोर मोजतात.

तर भाचीला मी सांगितलं ते असं. पहिले सहा महिने गप्प बस, बसमधल्या मुलीला म्हण, अगो ट्रेनिंगचं काय असतं तेवढंच. माणसं कळली की एकाशी, दोघांशी बोल, ग्रुपवर कधीच नाही. बोलायचं ते इन्क्रिमेंटच्या आधी दोन महिने, पत्र हातात आल्यावर नुसती जळजळ होते. जो तुझ्याहून सीनियर आणि कमी पगारावर असेल असं वाटतं त्याच्याकडे आकडा आपणहून काढू नकोस, त्याने विचारलं तर मात्र खोटं सांगू नकोस. साहेबाकडे गेलीस तर "त्याला एवढे मिळतात" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये, माझं काम आणि माझं बेसिक एवढंच बोलायचं. आणि स्लिप दाखवलीस तर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, आणि बँकेचा नंबर अंगठ्याखाली धर, फोटो कोणाला पाठवू नकोस.