खोक्यावर ९६०० लिहिलं होतं

आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आमच्याकडे उरलाय. अमळनेरला स्टुडिओत काढलेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. इतक्या उन्हाळ्यांत पुठ्ठा वाकून फोटोच्या बाजूने मधोमध खोलगट झालाय. बाकीचे फोटो पत्र्याच्या पेटीत: आजोबा भुसावळला रेल्वेत होते तेव्हाचे, सारंगखेड्याच्या यात्रेतले, आणि सोबत निगेटिव्हची पाकिटं. आजी आहे तोवर सगळं कॉम्प्युटरवर घ्यावं, तिच्याकडून माणसांची नावं लिहून घ्यावीत, म्हणून स्कॅनर आणायला जळगावला गेलो.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, साधे स्कॅनर ६०० डीपीआयचे असतात, हा ९६०० चा. निगेटिव्हपण करतो." डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. खोक्यावर आकडा मोठ्या अक्षरांत होताच. त्याने स्वतःकडचा एक नवाकोरा, सपाट फोटो स्कॅन करून दाखवला. पापण्यांचे केससुद्धा दिसत होते. किंमत १४,५०० रुपये. "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल, वॉरंटीचं माझ्यावर सोडा." मी सोडलं. पैसे यूपीआयने दिले, तेही त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

घरी पहिला लग्नाचाच फोटो काचेवर ठेवला. कडा स्वच्छ आल्या, चेहरे धुरकट. आजीने स्क्रीनजवळ तोंड नेऊन विचारलं, "हाई कोन शे रे?" ती स्वतःच होती.

दुकानदाराला फोन केला. "झाकणावरून जोरात दाबा, येतो बरोबर." मी दाबलं. पुठ्ठा कोरडा ठणठणीत झालेला होता. आजोबांच्या खांद्यापासून खालपर्यंत तडा गेला. पैशांचं दुःख विसरता येईल, हे नाही.

नंतर खोक्यातलं माहितीपत्रक नीट वाचलं. ऑप्टिकल, म्हणजे यंत्र खरोखर टिपतं ते, ६०० डीपीआयच. ९६०० हा आकडा सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरून केलेला. त्याने फाईल फुगते, तपशील एका केसानेही वाढत नाही. चार बाय सहा इंची फोटो ६०० ला स्कॅन केला तरी २४०० गुणिले ३६०० ठिपके मिळतात, आणि जुन्या प्रिंटला तेवढे भरपूर होतात. तोच फोटो ९६०० ला केला तर सव्वादोनशे कोटींच्या आसपास ठिपके होतील. घरचा कॉम्प्युटर तिथेच बसेल.

चेहरे धुरकट येण्याचं कारण वेगळं. माझ्या यंत्रात चित्र टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, सीआयएस प्रकारचा आहे. हे स्कॅनर पातळ आणि स्वस्त असतात, पण काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं. कागद दोन-तीन मिलिमीटर वर उचलला की चित्र विरघळतं. सीसीडी सेन्सरवाले जाडजूड असतात, पण वाकलेला फोटो बऱ्यापैकी सांभाळून घेतात. म्हणून तर दुकानात सपाट फोटो दाखवला होता! निगेटिव्हला तर प्रकाश झाकणातून आरपार यावा लागतो, तशी सोयच यात नाही. माझ्या सगळ्या निगेटिव्ह काळ्या आल्या. त्यांना ऑप्टिकल २४०० तरी हवं, कारण नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरचं असतं.

परत गेलो तर दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि खोक्याचा फोटो होता, तेवढ्यावर तक्रार नोंदवली आहे. अजून काही हाती आलेलं नाही.

तुम्ही जाल तेव्हा पेटीतला सगळ्यांत वाकलेला फोटो आणि एक निगेटिव्ह सोबत न्या. नाजूक, एकुलता एक फोटो मात्र नेऊ नका. समोर स्कॅन करायला लावा, चेहरा मोठा करून बघा, ऑप्टिकल आकडा बिलावर लिहून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा.

तडा गेलेला फोटो मी दाबून न धरता खिडकीच्या उजेडात मोबाईलने टिपून ठेवलाय. आजी मूळ फोटो हातात घेऊन नावं सांगते, मी पाकिटावर पेन्सिलीने लिहितो. अर्धी पेटी झाली आहे.