एम. एस. नंतर: सरकारी महाविद्यालय की कॉर्पोरेट रुग्णालय?

एम. एस. (शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर पदवी) झालेल्या सर्जनला शिकवायची खरी ओढ असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच निवडावे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम. एस. नंतर १ वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर (सीनियर रेसिडेंट) म्हणून काम लागते. म्हणून बंधपत्राचे, म्हणजे पदवीनंतरच्या बंधनकारक सरकारी सेवेचे, वर्ष शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयातच मागून घ्यावे. पुढे सहयोगी प्राध्यापकपदासाठी ४ वर्षांचा अनुभव, २ शोधनिबंध, संशोधन आणि अध्यापनाचे मूलभूत अभ्यासक्रम. बढती अडते ती बहुधा निबंधांवर, कारण केसेसच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवलेल्या नसतात आणि संशोधन तपासणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी मागाहून मिळत नाही. महाराष्ट्रात कायम पद एमपीएससीमार्फत भरतात. तोवर कंत्राटी नेमणूक आणि अनिश्चितता.

कॉर्पोरेटमध्ये पैसा जास्त, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणे उत्तम. पण रुग्ण ठरावीक सर्जनच्या नावावर येतो, त्यामुळे निवासी डॉक्टरच्या हाती फक्त दुर्बिणीचा कॅमेरा धरणेच राहते. डीएनबीचे (एम. एस.ला समकक्ष पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी असले तरी हे फारसे बदलत नाही. सरकारी आपत्कालीन विभागात मात्र रात्री आतडे फुटलेला रुग्ण येतो. पोट उघडणे, छिद्र शोधणे, भरपूर सलाइनने धुणे हे निवासी करतो आणि शिक्षक समोर उभा राहून नेमक्या क्षणी हात थांबवतो. शस्त्रक्रिया शिकवणे म्हणजे हेच.