आमदारांचं मासिक पत्रक आणि व्हॉट्सॲप गट: शेतीची बाजू भक्कम, निधीचा हिशेब कच्चा

मराठवाड्यात विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत. आमदारांच्या संपर्क कार्यालयातून हल्ली लोकांपर्यंत काही ना काही येतंच. कुठे व्हॉट्सॲप गट, कुठे वर्षाकाठी कार्यअहवाल, कुठे नुसते चौकातले फलक. इथे ज्या सेवेबद्दल लिहिलंय ती एका ग्रामीण मतदारसंघातली आहे. आमदारांचं नाव आणि पक्ष मुद्दाम दिलेला नाही, कारण पारखायचं आहे ते पत्रक. महिन्याला चार पानांचं छापील पत्रक निघतं, आठवडी बाजाराच्या दिवशी वाटलं जातं आणि पीडीएफ गटावर पडते. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटासाठी वेगळा व्हॉट्सॲप गट आहे, त्यावर फक्त कार्यालयालाच लिहिता येतं. वाचणारा आहे सोयाबीन-कापसाचा शेतकरी, बचत गटाची बाई, गावचा सरपंच. कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे आणि कधीपर्यंत, एवढं त्याला कळलं पाहिजे.

या मापाने अतिवृष्टीची माहिती सगळ्यात उजवी. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी, आणि हे मोजलं जातं महसूल मंडळावर, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटावर, अख्ख्या तालुक्यावर नव्हे. पुष्कळ ठिकाणी तालुक्याची सरासरी टाकून मोकळे होतात. समजा सरासरी ४० मिलिमीटर दिसते आणि त्यातल्या एका मंडळात ८० पडलेला असतो. त्या मंडळातल्या शेतकऱ्याला वाटतं आपण बसतच नाही, आणि पंचनाम्यासाठी तो मागे लागत नाही. हे कार्यालय सकाळी मंडळनिहाय आकडे टाकतं. सोबत त्या मंडळातली गावंही देतं, कारण आपलं गाव कोणत्या मंडळात मोडतं हे अनेकांना ठाऊक नसतं.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर तर या पत्रकाने फार मोलाचं काम केलं. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि जिकडे तिकडे एकच आकडा फिरू लागला: कोरडवाहूला हेक्टरी १८,५००. पत्रकाने तो फोडून दाखवला. ८,५०० पिकाच्या नुकसानीचे, १०,००० रब्बीच्या बियाण्या-खतासाठीचे, दोन्ही वेगळे, मर्यादा ३ हेक्टर. हंगामी बागायतीला १७,००० अधिक तेच १०,०००. खात्यात आधी ८,५०० च्या हिशेबाने रक्कम दिसली की बाकीचे कुणी खाल्ले, असं म्हणत माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. त्याची ती खेप या तीन ओळींनी वाचते.

त्याच दिवसांतला ई-केवायसीचा संदेश नमुना म्हणून जपून ठेवावा असा होता. सहा ओळी, चित्र नाही, नुसता मजकूर. पहिल्या ओळीत तारीख आणि गावांची नावं. मग, ग्राम महसूल अधिकाऱ्याने लावलेल्या यादीत आपल्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक बघा; तो घेऊन आधार कार्डासह सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रात जा; ज्यांचा फार्मर आयडी झालेला आहे त्यांनी जायची गरज नाही. शेवटच्या दोन ओळी अडचणींच्या. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आणि सामाईक खातेदार असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. पैसे अडकतात ते बहुधा या दोनच जागी, आणि नेमक्या त्याच आधी सांगितल्या. हे लिहिणारा माणूस खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिलेला आहे, हे वाचताना कळतं.

पीक विम्यात मात्र घसरण झाली, आणि चूक साधी नाही. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत झाला, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे ठरावीक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरू लागली. तरी सप्टेंबरात गटावर जुनाच संदेश आला की नुकसान ७२ तासांत विमा कंपनीला कळवा. लोकांनी चिखलात उभं राहून फोटो काढले, ॲपशी झटापट केली. आदल्या वर्षीचा संदेश तारीख न बघता पुढे ढकलला की असं होतं. दुरुस्ती आली ती पुढच्या छापील अंकात, तिसऱ्या पानावर. चूक गटावर झाली तर दुरुस्ती गटावरच, त्याच दिवशी यायला हवी.

शासन निर्णयांबद्दलही काही सांगायला हवं. गटावर जीआर येतो तो मोबाईलने काढलेल्या पहिल्या पानाच्या फोटोतून. अटी असतात आतल्या पानांवर, आणि शेवटी, सहीच्या वरच्या परिच्छेदात असतो १८ आकडी संकेतांक. त्याचे पहिले ८ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक नुसता टाइप करून टाकला तर कुणालाही शासनाच्या संकेतस्थळावर मूळ कागद काढता येतो, आणि खोटा जीआर कोणता तेही लगेच कळतं. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरच्या, म्हणजे मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याबद्दलच्या, निर्णयाच्या वेळी हे किती गरजेचं होतं! फिरणाऱ्या चित्रांत कुणी सगळं मिळालं म्हणत होतं, कुणी काहीच नाही. मूळ निर्णयात गावपातळीवरची समिती कुणाकुणाची, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचं प्रतिज्ञापत्र कधी चालतं, हे लिहिलेलं आहे. त्या महिन्याच्या पत्रकाने समितीतले तिघे, म्हणजे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी, नीट छापले. संकेतांक मात्र तेव्हाही नव्हता.

आता निधीचं पान. या पत्रकाचं सगळ्यात मोठं पान हेच, आणि सगळ्यात कच्चंही. कारण एकच शब्द: मंजूर.

सरकारी कामात मंजुरीला पायऱ्या असतात. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचं घ्या, वर्षाला ५ कोटी. आमदारांचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे जातं. बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद अंदाजपत्रक करते. जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. पत्रकात यातली कुठलीही पायरी आली की छापतात ‘मंजूर’. एका वस्तीचा सिमेंट रस्ता असा तीन अंकांत तीनदा आला: एकदा शिफारसपत्र गेलं म्हणून, एकदा प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणून, एकदा नारळ फुटला म्हणून. वाचणाऱ्याला वाटतं तीन रस्ते. बेरीज करणाऱ्या सरपंचाला वाटतं आपल्या गावाला तिप्पट निधी आला, आणि मग ग्रामसभेत त्याच्यावरच संशय येतो.

राज्याच्या बजेटमधल्या कामांचं याहून अवघड. तिथे प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधला खात्याचा क्रमांक, असतो. रस्ते-पुलांचं काम ५०५४ लेखाशीर्षाखाली पुरवणी मागणीत आलं म्हणजे नाव यादीत आलं. त्यापुढे तरतूद नुसती नाममात्र असली तर निविदा निघूनही ठेकेदाराचं बिल अडतं आणि खडी पसरलेला रस्ता दोन पावसाळे तसाच राहतो. ग्रामविकासाच्या २५१५ मधून आलेलं सभामंडपाचं काम वेगळं, ३०५४ मधली रस्तादुरुस्ती वेगळी. कोणत्या लेखाशीर्षातून हे कळलं तर गावकऱ्याला नेमक्या कार्यालयात जाता येतं, नाहीतर बांधकामवाले जिल्हा परिषदेकडे बोट दाखवतात आणि जिल्हा परिषदवाले बांधकामकडे. गाव, काम, लेखाशीर्ष, रक्कम, कोणती यंत्रणा, सध्याची पायरी आणि त्या पायरीची तारीख: सात रकाने, एका पानात बसतात. कार्यालयाकडे ही माहिती असतेच, कारण पाठपुराव्याची पत्रं तिथूनच जातात. फोटो दोन कमी करावेत. कामाच्या जागेवरच्या फलकावर असतो तसा दोष दायित्वाचा कालावधीही द्यावा, म्हणजे रस्ता त्या मुदतीत उखडला तर ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती मागता येते, हे लोकांना कळेल.

विधानसभेतलं काम पत्रकात येतं ते चित्रफितीने. अधिवेशन चालू असलं की रोज चाळीस सेकंदांचं भाषण. ऐकायला बरं वाटतं, पण तो तारांकित प्रश्न होता, लक्षवेधी सूचना होती की नुसता सभागृहात मांडलेला औचित्याचा मुद्दा, हे कळत नाही. तारांकित प्रश्नाला लेखी उत्तर असतं, ‘हे अंशतः खरे आहे’ असल्या भाषेत का होईना. लक्षवेधीवर मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि ते ९० दिवसांत पुरं होणं अपेक्षित असतं. त्यावर विधिमंडळाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. प्रश्नाचा क्रमांक, मंत्र्यांचं उत्तर आणि ९० दिवसांनंतरची स्थिती छापली तर चित्रफितीची गरजही फारशी उरणार नाही. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात उचललेला बंद आरोग्य उपकेंद्राचा प्रश्न मार्चच्या अंकात पुन्हा दिसायला हवा. तो दिसत नाही.

वैद्यकीय मदतीचा रकाना चांगला आहे, कागदांची यादी बिनचूक असते. वाढदिवस, सांत्वनभेटी यांचे फोटो गटावर खूप पडतात, त्यात कामाचा संदेश खाली जातो. त्यांना वेगळा गट द्यावा. कामाची माहिती चित्रात लिहून टाकू नये, चित्रातला मजकूर व्हॉट्सॲपवर शोधता येत नाही आणि चाळिशी लागलेल्याला वाचताही येत नाही. आचारसंहितेच्या काळात गट गप्प होतात, त्यात कार्यालयाचा दोष नाही. पण पावसाचे आणि धरणाच्या विसर्गाचे आकडे तेव्हाही देता येतात, द्यावेत.

५ पैकी गुण द्यायचे तर शेतीला साडेचार, निधीला दीड, विधानसभेच्या कामाला दोन.

गटात यायचं असेल तर पत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या क्रमांकावर संदेश पाठवायचा. नुसतं गावाचं नाव लिहू नका. महसूल मंडळ लिहा आणि गाव बुद्रुक की खुर्द तेही लिहा, नाहीतर नाव भलत्याच गटात पडतं आणि पाऊस दुसऱ्याच शिवाराचा कळतो.