चारही चाकांना डिस्क ब्रेक: नऊ महिने, अकरा हजार किलोमीटर

वरचं मॉडेल गळ्यात मारताना सेल्समनने "चारही चाकांना डिस्क आहे, सर" हे तीनदा ऐकवलं. मागची डिस्क पुढचीपेक्षा लहान आहे, हे मला पहिल्यांदा घरी गाडी धुताना दिसलं. पुढे २८० मिमी, मागे २६२. व्यासात फार फरक नाही, पण जाडीत आहे. पुढची २२ मिमी, दोन चकत्यांमध्ये हवा खेळायला पोकळी ठेवलेली. मागची जेमतेम १० मिमी आणि भरीव. मागे कंपनीने पैसे वाचवले असं वाटून चरफडलोच.

फेब्रुवारीत पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो. वळणावर अचानक एसटी समोर आली. कचकन ब्रेक दाबला, गाडीचं नाक खाली गेलं आणि मागच्या सीटवरचा स्ट्रॉबेरीचा खोका धाडकन खाली आला. ब्रेक लागला की गाडीचा भारही असाच पुढच्या चाकांवर येतो. मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड घटते. तिथे पुढच्याइतकाच जोर लागला तर ती आधी जाम होतील आणि गाडी गरकन फिरेल. म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्यांकडे, आणि उष्णताही तिकडेच. वेग ४० चा ८० झाला की ती चौपट होते. पोकळ डिस्क त्यासाठीच.

वाईत चहाला थांबलो तेव्हा रिमजवळ हात नेऊन पाहिला. पुढे चांगलीच झळ लागत होती, मागे नुसतं कोमट. पुढच्या अलॉयवर काळी भुकटी साचलेली, मागचे जवळपास स्वच्छ. (खालच्या गिअरमध्ये न उतरता ब्रेकवरच उतरत होतो, ही चूक माझी.)

खरा वैताग पावसाळ्यात सुरू झाला. चार दिवस गाडी उभी राहिली की डिस्क तांबूस होतात. पुढच्या डिस्क दोन-चार वेळा ब्रेक दाबला की लख्ख होतात, मागच्यांवर जोरच कमी पडतो, त्यामुळे खर्रखर्र लांबते. जुलैत मागून सतत आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरने दोन्ही मागच्या डिस्क बदलायला सांगितल्या. मी गाडी ओळखीच्या फिटरकडे नेली. त्याने डिस्कवर कोरलेली किमान जाडी दाखवली, ८.४. मग व्हर्नियर लावला: ९.६. "साहेब, डिस्कला काही झालेलं नाही, कॅलिपरची पिन अडकलीय." कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारी पकड, ती या पिनांवर सरकते. पिना साफ करून ग्रीस लावलं, तिरका झिजलेला पॅड बदलला, आवाज गेला.

पॅड बदलताना एक बघून ठेवा. हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असेल तर पॅडला ढकलणारा पिस्टन बहुतेक वेळा फिरवत आत घालावा लागतो. फिटरचा पोऱ्या सी-क्लँप लावून तो नुसता दाबायला निघाला होता, उस्तादाने वेळीच थांबवला. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर आधी बहुतेकदा स्कॅनर जोडून त्या ब्रेकची मोटर मागे घ्यावी लागते.

आधीच्या गाडीला मागे ड्रम होते. रोजच्या शहरातल्या वापरात थांबण्यात मला काडीचा फरक जाणवला नाही. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी किती अंतरात थांबते, ते शेवटी टायरच ठरवतात. निव्वळ मागच्या डिस्कसाठी वरच्या मॉडेलचे पैसे मी परत मोजणार नाही. घाटात वरचेवर भरलेली गाडी उतरवणाऱ्याचं गणित वेगळं असेल. पुढचे पॅड अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. दिवाळीआधी मागच्या पिनांना पुन्हा ग्रीस लावून घेणार आहे.