नंबरचा मास्क: अकरा महिन्यांचा वापर आणि बोनेरचे दोन आठवडे

मला उजव्या डोळ्याला मायनस पाच आणि वर एकचा सिलिंडर (तिरकस नजरेचा जादा नंबर), डाव्याला मायनस चार. चष्मा सातवीपासून. कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाहीत, तासाभरात डोळे लाल होतात. त्यामुळे पाण्यात उतरायचं म्हणजे चष्मा काठावर ठेवायचा आणि अंदाजाने वावरायचं, हे अंगवळणी पडलेलं. सहा वर्षांपूर्वी तारकर्लीला स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे पाहणं. शेजारची मंडळी वर आली की एकमेकांना “तो काळ्या पट्ट्यांचा पाहिलास का?” विचारत होती. मला पिवळसर, निळसर काहीतरी सरकताना दिसत होतं, एवढंच. बाहेर आल्यावर मीही “छान होतं” म्हणाले, पण मनातून फार वाईट वाटलं होतं.

म्हणून कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर जायचं ठरलं तेव्हा विमानाच्या तिकिटांच्याही आधी मी नंबरचा मास्क घेतला, म्हणजे चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेला, डोळे-नाक झाकणारा पाण्यातला मास्क. ज्यांना चष्मा आहे आणि ज्यांची अशी सहल ठरते आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मास्क ऑगस्टमध्ये घेतला, सहल फेब्रुवारीत झाली, आता जुलै आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेल्वेनला राहतो. बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे आणि इथला रहिवासी परवाना असल्याने आम्हाला वेगळा व्हिसा लागला नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवरचं हे बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. मुख्य म्हणजे तिथे प्रवाळ पाहायला बोटीने लांब जावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेले दगड असतात, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं असतं. गाडी थांबवायची आणि किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचं. मला बोटीत मळमळतं, त्यामुळे माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

आता मास्क. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नावापेक्षा तो चेहऱ्याला बसतो की नाही हे महत्त्वाचं. माझा मास्क दोन काचांचा आहे आणि दोन्ही काचा सुट्या निघतात. तयार नंबरच्या काचा अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यात मिळतात. सिलिंडर नंबरच्या तयार काचा नसतात, तेव्हा सिलिंडरचा निम्मा नंबर मूळ नंबरात मिळवायचा: माझे पाच आणि अर्धा, म्हणजे साडेपाच. नंबर दोन टप्प्यांच्या मध्ये आला तर कमीचा घ्यावा. पाण्याखाली सगळं साधारण एक-तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे चालून जातं. मास्क आणि दोन काचा मिळून ९८ युरो गेले.

दुकानात एक परीक्षा जरूर करा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि मान खाली घाला. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मी चार मास्क असे नाकारले. माझी नाकाची उंची कमी, गालाची हाडं वर, आणि बहुतेक मास्क भुवईपाशी हवा सोडत होते.

पहिल्याच रविवारी गावातल्या पोहण्याच्या तलावावर नेला, तर दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. आधी वाटलं पट्टा घट्ट झाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एकेक डोळा मिटून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: दुकानात काचा उलट बसवल्या होत्या. साडेपाचची डाव्याला, चारची उजव्याला. दुकानाने बिनातक्रार बदलून दिल्या, पण हे मला बेटावर पहिल्या दिवशी कळलं असतं तर? सामान आधी घ्या म्हणते ते याचसाठी. निदान तीन महिने आधी घ्या आणि तलावात वापरा.

त्या महिन्यांत बाकीच्या खोड्याही कळल्या. सिलिकॉनच्या पट्ट्यात केस अडकून तुटायचे. त्यावर निओप्रीनचं (फोमसारखं मऊ रबर) कापडी आवरण मिळतं, ते घातल्यापासून त्रास शून्य. नवीन मास्क धुकट होतो, कारण काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने काचेच्या आतून चोळून धुवायची, दोन-तीन वेळा. त्यानंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून विसळला की पुरतो. नवऱ्याच्या मास्कमध्ये मात्र कितीही केलं तरी पाणी शिरायचं. कारण त्याची मिशी. मास्कची कड ओठावर जिथे टेकते तिथे केस आले की पाणी वाट काढतंच. शेवटी त्याने नाकाच्या लगेच खाली बोटाच्या पेराएवढी पट्टी बारीक केली. समोरून कळतसुद्धा नाही आणि गळती जवळजवळ थांबली.

बुटांच्या बाबतीत माझी चूक झाली. स्वस्तातले पातळ तळाचे पाण्यातले बूट नेले होते. बोनेरचा पश्चिम किनारा वाळूचा नाही, बऱ्याच ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पसरलेले आहेत. ते पायाखाली हलतात आणि टोचतात. ‘थाउजंड स्टेप्स’ नावाच्या जागी (पायऱ्या हजार नाहीत, सत्तरच्या आत-बाहेर असतील, पण सामान घेऊन चढताना नाव पटतं) दुसऱ्याच दिवशी माझ्या बुटाचा तळ फाटला. जाड रबरी तळाचे निओप्रीनचे बूट तिथे महाग पडले. आणखी एक: असे बूट घालायचे तर फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) मागून उघड्या, पट्ट्याच्या हव्यात. अनवाणी पायात घालायच्या फिन्समध्ये बूट मावत नाही. दोन्ही एकत्रच घ्या.

एक अडचण मात्र कुणीच सांगितली नव्हती. किनाऱ्यावर गाडी उभी करताना आत काहीही किमती ठेवू नका, असं तिथे सगळेच सांगतात. मग चष्मा कुठे ठेवायचा? मास्क घालूनच गाडीतून उतरले, पण बाहेर आल्यावर काय? दुसऱ्या दिवसापासून जुना, ओरखडे पडलेला चष्मा गाडीत टाकून ठेवला. गेला तर गेला. जुना चष्मा फेकून दिला असेल तर सहलीआधी एखादा साधा करून घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते.

बोनेरची राजधानी क्रालेंडाइक, तिथून छोट्या बोटीने समोरच्या क्लाइन बोनेर या लहान बेटावर जाता येतं. तेवढा प्रवास मलाही झेपला. ते बेट निर्मनुष्य आहे. वरच्या अंगाला पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत ‘नो नेम’ बीचवर यायचं, पाय मारायचीही फारशी गरज नाही. मी तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा आवाज आला, कुणीतरी भाजलेले फुटाणे चावतंय असा. खाली हातभर लांबीचा हिरवा पोपटमासा होता, शेपटीच्या मुळाशी पिवळा ठिपका. त्याची चोच मला दिसली. वरच्या आणि खालच्या दातांमधली फट दिसली. चोचीने त्याने दगडावरचं शेवाळ खरवडलं, दोन फूट पुढे गेला आणि मागून पांढऱ्या वाळूचा एक झोत सोडला. खडक खाऊन त्याची वाळू करणारा हा मासा, हे मी वाचलं होतं. वाचलेलं डोळ्यांनी दिसलं तेव्हा मास्कमध्ये पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

नीट दिसायला लागलं की वाईटही दिसतं. २०२३ पासून तिथल्या कठीण प्रवाळांवर ऊती झडण्याचा रोग आला आहे. मेंदूसारख्या वळ्यांचा एक मोठा गोळा अर्धा तपकिरी, अर्धा पांढराफटक होता, मध्ये सरळ रेघ. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना सामान जंतुनाशकाने धुवायला सांगतात, ते मनापासून करा. बोनेरने १९७१ मध्येच भाल्याने मासेमारी बंद केली आणि १९७९ मध्ये भोवतीचा समुद्र संरक्षित उद्यान केला. तिथे नांगर टाकायचा नाही, आणि डायव्हिंग करणाऱ्यांना हातमोजेही चालत नाहीत, कारण मोजे घातले की माणूस बिनधास्त प्रवाळाला हात लावतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीनही तिथे विकायला बंदी आहे. आम्ही लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट वापरले, क्रीम फक्त चेहऱ्याला आणि पोटऱ्यांना, झिंकवालं. पाठ भाजली नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा. त्याला काइटसर्फिंग करायचं होतं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावणं. तिथे वारा पूर्वेकडून सतत वाहतो. नैऋत्य किनाऱ्यावरच्या काइटच्या जागी तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणजे पतंग पडला की माणूस खोल समुद्राकडे वाहत जातो. तिथे शिकवणारे बोट सोबत ठेवतात, तरी माझी तयारी नव्हती. पूर्व किनाऱ्यावरच्या लाक खाडीत उलट आहे: वारा समुद्राकडून आत येतो, लाटा बाहेरच्या प्रवाळ-कड्यावर फुटतात आणि सोरोबोनच्या बाजूला पाणी लांबपर्यंत कमरेइतकंच. त्याने तिथे विंडसर्फिंगचे, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचे, धडे घेतले. चौथ्या दिवशी तो शिडाला रेलून माझ्यासमोरून सरळ निघून गेला, वळला आणि परत आला. हे मी चष्म्याला मानेमागची पट्टी लावून, पाण्यात उभी राहून पाहिलं. मास्कचा तिथे उपयोग नाही. खाडीत समुद्री गवत आहे, कासवं ते खातात, म्हणून गवत तुडवू नका.

पैशांचं थोडक्यात. चलन अमेरिकी डॉलर. बेटावर येण्याचा कर माणशी ७५ डॉलर आणि निसर्ग शुल्क माणशी ४०. आम्हा तिघांचे मिळून ३४५ झाले. दोन्ही निघण्याआधी ऑनलाइन भरता येतात. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नव्हता, तुम्ही धरा.

अकरा महिन्यांनी मास्कची अवस्था: काचांवर एकही ओरखडा नाही, कारण तो कायम कडक डबीत आणि विमानात हातातल्या सामानात असतो. पारदर्शक सिलिकॉन कपाळापाशी पिवळट झालं आहे. पुन्हा घेतला तर काळा घेईन. एप्रिलमध्ये ओला तसाच डबीत राहिला आणि घडीत काळे ठिपके आले. सौम्य साबण आणि जुन्या ब्रशने बरेचसे निघाले, सगळे नाहीत. समुद्रानंतर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको. उजव्या बाजूचं बक्कल थोडं सैल झालंय, पण धरून आहे.

मला पोहायला मावशीने शिकवलं, साताऱ्याजवळ आमच्या विहिरीत, कमरेला डबा बांधून. तिलाही चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना साडेतीन. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे तारकर्लीला जाणार आहोत. तिच्या नंबरच्या दोन काचा मागवल्या, परवा आल्या. काल रात्री घालून पाहिल्या, नीट बसतात. डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही.