एनर्जी-वेव्ह सायन्स किट: डायनॅमोसाठी घ्या, स्प्रिंगसाठी नको

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी म्हणून ऑनलाइन जे 'एनर्जी अँड वेव्ह' किट विकतात ते भाचीसाठी मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सेम माल वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या बॉक्समध्ये दिसतो. किंमत पंधराशेच्या आसपास. आत हाताने फिरवायचा डायनॅमो, छोटं सोलर पॅनल, पात्यांची मोटर, नळाखाली धरायचं प्लॅस्टिकचं चाक, एलईडी, टॉर्चमध्ये असायचा तसला जुना पिवळा बल्ब, वायरी, एक प्लॅस्टिकची स्प्रिंग आणि एक माहितीपुस्तिका.

आधी चांगलं सांगतो. डायनॅमो एक नंबर आहे. नुसता फिरवला तर हलका फिरतो, एलईडी जोडला तरी फारसा फरक कळत नाही, पण तो पिवळा बल्ब जोडा आणि मग फिरवा, हँडल लगेच जड होतं. दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना चिकटवली की अजून जड. पोरगी थांबून म्हणाली, मामा ह्यात काहीतरी अडकलंय का? काही अडकलेलं नाही गं, तू जी वीज काढतेयस तिची किंमत तुझा हात देतोय. दहावीला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा आहे, त्यात कोळसा, अणू, वारा, पाणी सगळ्यांची आकृती शेवटी टर्बाइन आणि जनित्र इथेच येऊन थांबते, आणि मुलं ते बाण पाठ करतात, पण जनित्र फिरवायला जोर का लागतो हे त्या बाणांत कुठेच दिसत नाही. फॅरेडेने 1831 मध्ये जे दाखवलं (चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवलं की तारेत वीज तयार होते) ते इथे मनगटाला कळतं. मी तर म्हणेन अर्धे पैसे इथेच वसूल. फक्त वायरी चिकटवलेल्या असताना जोरात फिरवू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे आहेत, आणि एलईडी पेटला नाही तर घाबरू नका, उलट्या दिशेने फिरवून बघा, तो एकाच बाजूने पेटतो.

आता पुस्तिका. इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाही. ठीक आहे, पण उदाहरण म्हणून थेट अमेरिकेतलं हूवर धरण?? आम्ही चिपळूणवाले, पोफळीचं कोयना वीजकेंद्र इथून हाकेच्या अंतरावर. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने इकडे येतं, शेकडो मीटर खाली पडून टर्बाइन फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये चक्क जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा उघडला होता. हे सोडून हूवर धरण कशाला. भाचीला मी हेच सांगितलं की संध्याकाळी सगळ्यांच्या घरात दिवे-पंखे लागले की ते मोठे जनित्र पण तुझ्या हँडलसारखेच जड होतात, मग ग्रिडची, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या विजेच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली घसरायला लागते आणि पाणी जास्त सोडावं लागतं. कोयना त्यासाठीच कामाची, कोळशाचं केंद्र असं पटकन कमी-जास्त करता येत नाही. अर्थात पाणी वाट्टेल तेवढं सोडता येत नाही, पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादाने (कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या) वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय.

नळाखालचं चाक फिरतं छान पण एलईडी नीट पेटायला नळ फुल सोडावा लागतो. खाली बादली ठेवा, तेच पाणी झाडांना. टाकी गच्चीवर असेल तर तळमजल्याच्या नळावर आणि वरच्या मजल्याच्या नळावर दोन्हीकडे करून बघा, उंचीचा फरक लगेच कळतो. पवनचक्कीसाठी टेबलफॅन समोर ठेवावा लागतो, म्हणजे वीज जाळून वीज बनवायची, ह्यावर घरात भरपूर हसून झालं, पण मिळते किती आणि लागते किती हा प्रश्न मात्र तिने स्वतःहून विचारला. सोलर पॅनल ट्यूबलाइटखाली मोटर हलवतसुद्धा नाही, उन्हात नेलं की गरगर. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर किटमध्ये नाही, तो इलेक्ट्रिकलच्या दुकानातून साधा घ्या, त्याच्याशिवाय पॅनल म्हणजे नुसतं खेळणं. सिलिकॉनचा एक घट साधारण 0.5 व्होल्ट देतो, तेव्हा पॅनलवरचे घट मोजायचे आणि मीटरवर ताडून बघायचं.

आणि आता ती स्प्रिंग. अहो काय ही स्प्रिंग!! प्लॅस्टिकची, हलकी, जमिनीवर ताणून झटका दिला तर लाट अर्ध्यात मरते. वेव्हचा अर्धा भाग हिच्यावर आणि हीच सगळ्यात टुकार वस्तू. आम्ही शेवटी स्टीलची स्लिंकी वेगळी मागवली. तिच्या एका वेटोळ्याला लाल दोरा बांधा, लाट पुढे निघून जाते आणि दोरा जागच्या जागी हलून थांबतो, म्हणजे पुढे गेली ती ऊर्जा, स्प्रिंग नव्हे. मोजायचं असेल तर हॉलमधल्या दोन फुटी टाइल्स आहेतच की, एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने आडवं हलवत आधी एक फुगा (स्प्रिंगचा जागच्या जागी झुलणारा फुगीर भाग) आणि मग हाताचा वेग वाढवून दोन फुगे आणायचे, दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघायचं. दोन फुगे आले की तरंगलांबी निम्मी, वारंवारता जवळपास दुप्पट, दोन्हींचा गुणाकार म्हणजे लाटेचा वेग तोच. फक्त दोन्ही वेळा ताण सारखाच ठेवा, नाहीतर आकडे गंडतात.

आडवं हलवण्याऐवजी पुढेमागे ढकललं की संपीडन-विरलन (वेटोळी कुठे दाटतात, कुठे विरळ होतात) दिसतं, नववीच्या आवाजाच्या धड्यातलं. पुस्तिका इथेच थांबते. आमच्या आईने 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप बघितलाय, म्हणून मी दोन्ही करून दाखवलं, भूकंपात पुढेमागे ढकलणारी लाट आधी पोचते आणि आडवी हलवणारी नंतर. त्यानंतर आई स्लिंकी सोडायला तयार नव्हती.

पाचपैकी साडेतीन. आठवीच्या आधी घेऊ नका, मुलं दोन दिवसात गिअर मोडतील. बॉक्समधला पिवळा बल्ब आमचा फुटून आला होता, सेलरने दुसरा पाठवला पण वेळ लावला, त्यापेक्षा सायकलच्या किंवा इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारा, तसलाच मिळतो, दोन घेऊन ठेवा.