टू-स्ट्रोक स्कूटर सुरू होत नाही: आधी करंट बघायचा की कार्ब्युरेटर खोलायचा?

किक मारून मारून पाय भरून आला तरी स्कूटर दाद देत नसेल, तर समोर दोन वाटा असतात. करंट तपासत जायचं, नाहीतर थेट कार्ब्युरेटर खोलून साफ करायचा. दोन्ही वाटांचे कट्टर समर्थक भेटतात आणि दोघांकडेही आपल्या बाजूचे किस्से भरपूर असतात. माझं मत असं की वाट पुढे कुठलीही धरा, आधी स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) हातात घ्या. करंट आणि पेट्रोल या दोन्हींबद्दल काही सांगू शकेल असा गाडीतला तो एकच भाग आहे, आणि तो काढायला प्लग पान्याशिवाय काही लागत नाही. याउलट विनाकारण खोललेला कार्ब्युरेटर फाटलेलं गॅस्केट आणि गेलेले आटे घेऊन परत बसतो. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

त्याआधी मिनिटभराची पाहणी मात्र करा. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, टाकीत खरोखर पेट्रोल आहे का, किल स्विच (इंजिनचा करंट तोडणारं बटण) चुकून बंद झालाय का, सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर पेट्रोल वाहायला लागलं, तर शोध तिथेच थांबला.

प्लग काय सांगतो

चोक ओढून सात-आठ किका मारा आणि लगेच प्लग काढा. फार वेळ थांबलात तर ओला प्लग सुकतो आणि चुकीची दिशा दाखवतो.

आता उजेडात नीट बघा. चिनी मातीचं टोक चमकत असेल, दोन इलेक्ट्रोडच्या फटीत थेंब अडकलेला असेल आणि पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाहीये. टोक कोरडं ठणठणीत आणि वासही नाही, तर पेट्रोल पोचतच नाहीये. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक प्रकार हमखास दिसतो: दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये कार्बनचा केसासारखा बारीक पूल तयार झालेला असतो. ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे कण साचत जातात आणि एखादा नेमका फटीत अडकतो. करंट ठिणगी न पाडता त्या पुलावरून निघून जातो. नखाने तो कण उडवला की पुढच्या किकला गाडी सुरू, असं खूपदा होतं.

नवा प्लग घरात असेल तर तो लावूनच बघा. जुना प्लग उघड्यावर ठिणगी देतो आणि सिलिंडरमधल्या दाबाखाली देत नाही, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. "करंट येतोय की!" म्हणून प्लगला क्लीन चिट देणारे इथेच फसतात.

कोरडा प्लग, म्हणजे पेट्रोलची बाजू

ही वाट तुलनेने सरळ आहे. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी एक परीक्षा करा. प्लगच्या भोकातून ऑइल मिसळलेलं पेट्रोल अर्धा चमचा टाका, प्लग बसवा आणि किक मारा. इंजिन दोन-चार वेळा धडधडून बंद पडलं, तर करंट आहे, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आहे, दोष पेट्रोल पोचवण्यात आहे. नुसतं पेट्रोल टाकू नका. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं.

मग टाकीकडून कार्ब्युरेटरकडे सरकत या. कॉकची नळी काढून धार बघा: थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी गच्च झाली आहे. धार चांगली असेल तर फ्लोटची निडल (कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) अडकली आहे किंवा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) बुजले आहेत. पायलट जेट उजेडासमोर धरून बघा. अनेक कार्ब्युरेटरमध्ये त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. जुन्या पेट्रोलचा पिवळट चिकटा त्यात बसला की उजेड आरपार दिसत नाही, आणि सुरू होण्यापुरतं पेट्रोल त्याच वाटेने येणार असतं. तार घालून ते भोक मोकळं करण्याचा मोह सगळ्यांना होतो. स्टीलची तार पितळ कापते, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवणं आणि हवेचा झोत, एवढंच वापरा.

ओला प्लग, म्हणजे करंटची बाजू? थोडं थांबा

ओला प्लग दिसला की सगळे कॉईलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) घसरतात. पण ओला प्लग ओव्हरफ्लोमुळेही असतो, आणि या इंजिनात ओव्हरफ्लो सहज निस्तरत नाही. पेट्रोल आणि हवा आधी खालच्या क्रँककेसमध्ये (पिस्टनखालची बंद पोकळी) जातात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये येतात. निडल गळकी असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला असेल, तर क्रँककेसमध्ये पेट्रोलचं तळं साचतं. प्लग पुसून लावला तरी प्रत्येक किकबरोबर खालून नवं पेट्रोल वर येतं आणि प्लग पुन्हा भिजतो. म्हणून कॉक बंद करा, चोक आत ढकला, प्लग काढून ठेवा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि दम धरून किका मारत राहा. भोकातून उडणारा फवारा थांबला की कोरडा प्लग लावून बघा. हे करताना प्लगच्या कॅपमध्ये जुना प्लग बसवून तो भोकापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा. कॅप नुसती हवेत लोंबकळत ठेवून किक मारली, तर सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) किंवा कॉईल जळू शकते. आणि भोकाजवळ ठिणगी पडली तर तो फवाराच पेटेल.

एवढं करूनही सुरू होत नसेल, तर आता करंट. प्लगचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा आणि सावलीत किक मारा. निळी, टच् आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, एक किक सोडून पडणारी ठिणगी म्हणजे बिघाड. ठिणगी नसेलच, तर कॉईल बदलण्याआधी किल स्विचची वायर सोडवून पुन्हा बघा. स्विचमध्ये किंवा हँडलपाशी वळणाऱ्या वायरमध्ये अर्थ लागला, म्हणजे उघडी वायर गाडीच्या धातूला टेकली, की करंट पूर्ण बंद होतो, आणि एवढ्याशा कारणासाठी चांगल्या कॉईली बदलल्या जातात. त्यानंतर प्लगची कॅप. ती वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापा आणि घट्ट बसवा.

आधी कुठली बाजू धरायची, ते गाडी कशी बंद पडली त्यावर

प्लगच्या साक्षीला गाडीचा इतिहास जोडला की निर्णय बराच सोपा होतो. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी सुरू होत नसेल, तर मी पेट्रोलच्या बाजूला झुकेन. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल आणि चिकटा मागे राहतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली ओलही ओढून घेतं. याला अपवाद पॉइंटच्या (उघडमीट होऊन ठिणगीची वेळ साधणारी धातूची टोकं) गाड्यांचा: त्या उभ्या राहिल्या की पॉइंटवरही गंज चढतो.

चालता चालता दिवा मालवावा तशी क्षणात बंद पडली, तर करंट. आचके देत, चोक ओढल्यावर थोडी सावरत, हळूहळू मेली, तर पेट्रोल. थंड असताना छान सुरू होते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालते, असं असेल तर कार्ब्युरेटर साफ करण्यात वेळ घालवू नका. कॉईल, पिकअप (सीडीआयला वेळेचा इशारा देणारी छोटी कॉईल) किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला भाग) तापल्यावर दगा देतोय, हीच शक्यता मोठी.

पॉइंट की सीडीआय, साफ की नवा

जुन्या गाडीत पॉइंट असतील तर बिघाडाच्या वेळी हमखास सल्ला मिळतो: काढून टाक, सीडीआय बसव. तुलना प्रामाणिकपणे करायची तर पॉइंट झिजतात, पण रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त होतात. बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, पेट्रोलच्या फडक्याने पुसायचे आणि फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. पॉइंटवरच मोठी ठिणगी उडत असेल आणि ते काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला. सीडीआयमध्ये झिजण्यासारखं काही नाही, पण ती गेली की गेली, आणि खात्री करायला दुसरी चालू सीडीआय लावूनच बघावी लागते. शिवाय हा बदल डबी लावण्यापुरता नसतो. बहुतेक गाड्यांत स्टेटर प्लेट (कॉईली बसवलेली स्थिर तबकडी) आणि मॅग्नेट (क्रँकवर फिरणारं चुंबकाचं चाक) हेही बदलावं लागतं. म्हणून गाडी बंद आहे म्हणून सीडीआय बसवू नका. आधी आहे त्या पॉइंटवर ती सुरू करा. रोज लांबचं चालवायचं असेल तर त्यानंतर बदलाचा विचार जरूर करा.

कार्ब्युरेटर मात्र शक्यतो साफच करावा. मूळ कार्ब्युरेटरचे जेट त्या इंजिनसाठी निवडलेले असतात, आणि बाजारातला स्वस्त नवा कार्ब्युरेटर दिसायला तसाच असला तरी आतले जेट तसेच असतील याची खात्री नसते. निडल, सीट आणि गॅस्केटचा संच बदलून बहुतेक जुने कार्ब्युरेटर कामाला लागतात. थ्रॉटलचा स्लाइड झिजून हलायला लागला असेल तरच नवा घ्या.

दोन्ही बाजू बरोबर, तरी गाडी गप्प

इथे तिसरी बाजू येते, आणि करंट-पेट्रोलच्या वादात तिच्याकडे कुणी बघत नाही. किक पायाला पोकळ लागते का? अंगठा प्लगच्या भोकावर दाबून किक मारली तर तो उडायला हवा. गेज असेल तर अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून मोजा. सर्वसाधारण स्कूटरला १०० पीएसआयच्या वर आकडा असेल तर कॉम्प्रेशनमुळे गाडी अडलेली नाही. ८० च्या खाली आला की रिंगा, सिलिंडर किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल.

पण वरचं कॉम्प्रेशन चांगलं असूनही टू-स्ट्रोक अडते, कारण तिला खालची क्रँककेसही हवाबंद लागते. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गाडी सुरू झाली तरी आयडलिंग वर चढत जातं. गिअरच्या स्कूटरमध्ये क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं: प्लग तेलकट, पांढरा दाट धूर आणि गिअर ऑइलची पातळी उतरलेली. सीलची परीक्षा क्रँककेसमध्ये जेमतेम ६ पीएसआय हवा भरून ती टिकते का ते बघून होते. त्यासाठी सगळी तोंडं बंद करावी लागतात. हे काम टू-स्ट्रोक जाणणाऱ्या मिस्त्रीकडे द्यावं असं मी मनापासून सांगेन. सील उलटं किंवा तिरकं बसलं तर सगळी मेहनत वाया जाते.

आणि प्लग नवा, ठिणगी निळी, पेट्रोल पोचतंय, कॉम्प्रेशन भरपूर, तरीही गाडी नुसती फटाके उडवते किंवा किक पायावर उलटी मारते, असं असेल तर मॅग्नेट काढून क्रँकवरची अर्धचंद्राकृती चावी बघा. मॅग्नेटचं नट सैल राहिलं की ही चावी कापली जाते, मॅग्नेट थोडं सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. मॅग्नेट काढायला पुलरच लागतो, हातोडी नाही. चावी कापलेली सापडली तर नवी घालण्याआधी क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटची आतली बाजू पुसून कोरडी करा, ओरखडे असतील तर घासून काढा, आणि नट टॉर्क पान्याने त्या मॉडेलला सांगितलेल्या मापावर आवळा. मॅग्नेट जागेवर धरून ठेवण्याचं काम त्या निमुळत्या भागाची पकड करते. चावी फक्त बसवताना जागा दाखवते, त्यामुळे पकड नीट नसेल तर नवी चावीही कापली जाईल.